एका उकाराचे अंतर



नेपाळी भाषेत ‘मास’ म्हणजे उडीद आणि ‘मासु’ म्हणजे मांस. दोहोंत अंतर केवळ एका उकाराचे. भोजनपत्रिकेवर ‘मासको दाल’ हे शब्द वाचून आपल्याकडील एखाद्या आजी ताट दूर सारतील. वस्तुतः ती निव्वळ उडदाची डाळ असते, संस्कृतातील ‘माष’ या शब्दाची वंशज. ‘भटमास’ म्हणजे सोयाबीन. ‘चाकु’ हा कापण्याचा नसून उसाचा रस आटवून केलेला गुळासारखा गोड पदार्थ आहे. ‘लप्सी’ म्हणजे आपली गव्हाची लापशी नव्हे, ते एक आंबट फळ. आणि ‘कोदो’ म्हणजे आपले कोद्रू नव्हे, तर नाचणी. लिपी देवनागरीच असल्याने हे सारे आपल्याला सहज वाचता येते, आणि वाचता आले म्हणजे कळले, असा आपला समज होतो. उलट ‘जिम्बु’, ‘तामा’, ‘गुन्द्रुक’ हे शब्द कानाला निरुपद्रवी वाटतात. खरी सावधगिरी बाळगायची ती तेथे.

हा विषय या महिन्यात घेण्याचे कारण असे की, परिचयातील एका व्यापारी कुटुंबाच्या मुलीचा विवाह मार्गशीर्षात काठमांडूत होत आहे. आपल्या समाजातील काही घरांचे काठमांडू, वीरगंज, विराटनगर येथील मारवाडी व जैन व्यापारी घराण्यांशी व्यवहाराचे आणि नात्याचे संबंध आहेत. काठमांडूत कमलपोखरी भागात जैन मंदिरही आहे. या कुटुंबाने तेथील केटररचे दरपत्रक माझ्याकडे वाचावयास पाठवले. बँकेतील नोकरी संपली तरी कागद वाचून देण्याचे काम संपलेले नाही. दरपत्रक चार पानांचे होते. रोषणाई, खुर्च्या, स्वागतपेये यांचा तपशील त्यात भरपूर होता. अन्नाविषयीची अट मात्र एका ओळीची होती : सर्व पदार्थ शुद्ध शाकाहारी, मागणीनुसार विगन व जैन.

कर्जाच्या करारनाम्यात ‘योग्य ते व्याज’ असे लिहिलेले कोणी स्वीकारील काय? त्या एका ओळीचे मोल तेवढेच आहे.

मुळात शाकाहारी, विगन आणि जैन ही तीन वर्तुळे एकात एक बसणारी नाहीत, एकमेकांना छेदणारी आहेत. आपल्या कायद्यानुसार हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध चालते, मध चालतो, बटाटा चालतो. विगन मंडळींना बटाटा, कांदा, लसूण यांचे वावडे नाही. पण दूध, तूप, पनीर, मध वर्ज्य. जैन आहारात दूध-तूप चालते, कंदमूळ चालत नाही, आणि मध दोघांनाही चालत नाही. म्हणजे लोण्यात परतलेली मटार-पनीरची भाजी जैन व्हावी पण विगन नव्हे. तेलातील बटाट्याची भाजी विगन आहे पण जैन नव्हे. ‘शाकाहारी’ या शब्दाखाली दोन्ही सुखाने नांदतात. शिवाय ‘जैन’ या शब्दाखालीही एकच नियम नाही. दिगंबर व श्वेतांबर परंपरांत भेद आहेत, घराघरांत भेद आहेत. कोणी फ्लॉवर घेतात, कोणी घेत नाहीत. कोणी केवळ कांदा-लसूण सोडलेला असतो, तर कोणाचे वांगे, अळंबी, बर्फ, बाजारचे दही सारेच सुटलेले असते.

विगन या शब्दाकडे आपल्या पिढीतील अनेकजण परदेशी खूळ म्हणून पाहतात. शब्द परदेशी आहे हे खरे. १९४४ साली इंग्लंडमध्ये दूधही न घेणाऱ्या शाकाहारींनी स्वतःची वेगळी संस्था काढली, तेव्हा तो घडवला गेला. आता आपल्या देशातही २०२२ पासून विगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियमावली व वेगळे चिन्ह आहे. पण पाकक्रियेच्या दृष्टीने यात आपल्याला नवे काय? चैत्र आणि आश्विनातील ओळीत नऊ दिवस आयंबिलाचे अन्न आपल्याच घरांत शिजते. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळण या साऱ्या विगयांचा त्याग करून केलेले ते अन्न विगन पाहुण्यापुढे निःशंक ठेवता येईल. ज्या महाराजांना आयंबिल रांधता येते, त्यांना तेल आणि मसाले वापरून विगन भोजन करणे अवघड जाण्याचे कारण नाही. अवघड जाते ते आपल्याला. पुण्या-बंगळूरहून वा लंडनहून आलेला घरचाच नातू ‘मी तूप घेत नाही’ असे म्हणतो, तेव्हा ‘अरे, घरचे आहे, शुद्ध आहे’ म्हणून आपण त्याच्या भातावर धार सोडतोच. हेच कोणी आपल्या कंदमूळ-त्यागाबाबत केले असते, तर आपण तो अपमान मानला असता.

आता पदार्थांकडे वळू. नेपाळचे नित्याचे भोजन म्हणजे डाळ, भात, तरकारी आणि अचार. मोहरीच्या तेलात केलेले हे जेवण बहुतांशी सहजच विगन असते. आपल्याला सोसणारे धान्य-कडधान्यही विपुल आहे. गहत म्हणजे आपला कुळीथ, चिउरा म्हणजे पोहे, फापर म्हणजे कुट्टू. आणि मासको दाल तर वर आलीच. नेवार समाजाची ‘चतामरी’ ही तांदळाच्या पिठाची धिरडी आणि ‘बारा’ ही वाटलेल्या उडदाची जाडसर थालीपिठासारखी पोळी, दोन्ही जैन पंगतीत शोभतील. मात्र बाऱ्याच्या वाटणातले आले काढून टाकावे आणि डाळ त्याच दिवशी भिजवून वाटावी. ‘योमरी’ पाहून तर मराठी माणसाला उकडीच्या मोदकाची आठवण होणार. तांदळाच्या उकडीचे आवरण, आत चाकु व तीळ, आणि वाफवणे. नेवार मंडळी ती मार्गशीर्षी पौर्णिमेला करतात, म्हणजे ऋतूही जुळतो. चाकु-तिळाची योमरी जैनांना चालते आणि विगनांनाही. खुवा, म्हणजे खवा, भरला की विगन पाहुणा बाद. या एका पदार्थात दोन्ही पक्ष, दोन्ही देश आणि दोन्ही पिढ्या एकत्र बसतात, म्हणून योमरीचे नाव मी यादीत अगदी वर लिहिले.

सेलरोटी हे तांदळाचे गोड कडे. तेथील रीत तांदूळ रात्रभर भिजवण्याची आहे. आपल्या नियमाच्या पाहुण्यांसाठी ते सकाळी भिजवून त्याच दिवशी वाटून तळावेत, असे स्पष्ट सांगावे लागते. पिठात तूप व दूध घालण्याचीही पद्धत आहे. ते वगळून तेलात तळली की विगन अडचण मिटते. कडे थोडे कमी खुसखुशीत होईल, एवढेच.

मोमोचे प्रकरण अधिक नाजूक आहे. शाकाहारी मोमोच्या सारणात कोबीबरोबर कांदा, लसूण, आले असतेच, आणि पनीर घातले की विगनही गेले. कोबी, मटार व उकडलेले कच्चे केळे, त्यात आल्याऐवजी सुंठ आणि मिरी, असे सारण उत्तम होते. परंतु खरा प्रश्न सारणाचा नाही, भांड्याचा आहे. काठमांडूत म्हशीच्या मांसाचे मोमो सर्रास खाल्ले जातात आणि ते वाफवण्याची थरांची भांडी केटररकडे एकच असण्याचा संभव असतो. तेव्हा मोमो हवेच असतील तर नवी भांडी यजमानाने विकत घ्यावीत. काही हजारांचा खर्च आहे; विवाहाच्या एकूण अंदाजपत्रकात तो दिसणारही नाही.

काही पदार्थ मात्र सरळ नाकारावेत. ‘आलु तामा’ ही लोकप्रिय रस्साभाजी. त्यात बटाटा तर आहेच, पण तामा म्हणजे आंबवलेला बांबूचा कोंब, आणि बांबूचा कोवळा कोंब आपल्याकडे अनंतकायात गणला जातो. ‘क्वाँटी’ हा नऊ कडधान्यांचा पौष्टिक रस्सा. कडधान्ये मोड आणलेली असल्याने तोही बाद. ‘गुन्द्रुक’ ही कित्येक दिवस आंबवून वाळवलेली पालेभाजी आणि ‘सिन्की’ हा आंबवलेला मुळा. दोन्हींविषयी बोलण्याची गरज नाही. ‘मस्यौरा’ हे उडदाचे सांडगे दिसायला निर्दोष असतात, पण त्यांत अळकुडी किंवा मुळा मिसळलेला असू शकतो. मग नेपाळी चव उरते कशात, असे त्या कुटुंबातील काकांनी विचारले. उत्तर एका मसाल्यात आहे : टिमुर. कोकण-गोव्यात आपण ज्याला तिरफळ म्हणतो, त्याचा हा हिमालयातला चुलतभाऊ. जिभेवर तीच झिणझिणी. भाजलेले तीळ, टोमॅटो, हिरवी मिरची आणि टिमुर यांचा ताजा शिजवलेला अचार केला, तर लसणाची उणीव कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तो पूर्ण विगनही असतो. बटाट्याच्या अचाराच्या जागी कच्च्या केळ्याचा तीळ-टिमुर लावलेला अचारही मजेदार लागतो.

आता जिम्बु. हिमालयाच्या उंच भागात, मुस्ताङकडे मिळणारी ही वाळवलेली गवतासारखी पात. डाळीला तुपात तिची फोडणी देतात. सुगंध अप्रतिम असतो. आचारी तिला अभिमानाने हिमालयाची जडीबुटी म्हणतात. ती आहे कांदा-लसणाच्याच कुळातील.

काही वर्षांपूर्वी काठमांडूतच नात्यातील एका स्वागतसमारंभाला आम्ही गेलो होतो. बरोबर आमच्या एक वयोवृद्ध आत्या होत्या. कंदमूळ आणि कांदा-लसूण सोडून त्यांना चाळीसहून अधिक वर्षे झालेली. डाळीचा पहिला घास घेऊन त्या थांबल्या आणि वाढप्याला विचारले, हा वास कशाचा? त्याने आचाऱ्याला बोलावले, आचाऱ्याने हसतमुखाने जिम्बुची जुडीच आणून दाखवली. शेजारी बसलेल्या एका स्थानिक गृहस्थांनी ती कोणत्या कुळातील हे सांगितले. आत्यांनी ताट बाजूला ठेवले, हात धुतले, कोणालाही शब्दाने दुखावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवासाचे पच्चक्खाण घेतले. यजमानांची जी अवस्था झाली ती पाहवत नव्हती. केटररने मात्र करार मोडला नव्हता. करारात कांदा नाही, लसूण नाही असे लिहिले होते. त्याने ना कांदा घातला होता, ना लसूण.

पुढे या प्रसंगावर घरात चर्चा झाली, तेव्हा एकाने मुद्दा काढला की जिम्बु ही पात आहे, कंद नव्हे, मग दोष कोठे? हा युक्तिवाद शास्त्र जाणणाऱ्यांपुढे अवश्य मांडावा. पण यजमानाने तो पाहुण्याच्या वतीने, पाहुण्याला न सांगता करू नये. व्रत ज्याचे आहे, निर्णयही त्याचाच. पाहुणा आपल्या स्वयंपाकघरात डोकावत नाही. तो आपल्या शब्दावर घास उचलतो. व्यापारात ज्याला पत म्हणतात, तीच येथे पणाला लागलेली असते. आणि हेच सूत्र विगन पाहुण्यालाही लागू आहे : डाळीच्या फोडणीत चमचाभर तूप ‘कळणार नाही’ म्हणून घालणे आणि जिम्बु घालणे यांत मला तरी भेद दिसत नाही.

म्हणून करारनाम्यात ‘जैन’ व ‘विगन’ ही विशेषणे लिहून न थांबता वर्ज्य वस्तूंची नावे लिहावीत, आणि ती स्थानिक नावांनी लिहावीत. कांदा, लसूण, जिम्बु, बटाटा, मुळा, गाजर, ओले आले, ओली हळद, तामा, अळंबी, अंडे, मध, जिलेटिन असे. मिठाईवर वर्ख नको, कारण तो परंपरेने जनावरांच्या आतड्याच्या वा कातड्याच्या थरांत कुटला जात आला आहे. तयार सॉस आणि तयार मसाल्यांवरील घटकसूची आधी मागवावी. विकतच्या मसाल्यांत लसणाची पूड हमखास असते. प्रत्येक पदार्थापुढे दोन रकाने ठेवावेत, दूधजन्य आहे वा नाही आणि कंदमूळ आहे वा नाही. हीच माहिती भोजनस्थानी प्रत्येक पात्रापुढे देवनागरीत व इंग्रजीत लावावी. भारतीय पदार्थांची यादी आपले लोक चोख करतात, त्यावर येथे शाई खर्च करीत नाही. इतकेच सांगतो की पुरणपोळी, मसालेभात, कोथिंबीरवडी हे पदार्थ तुपाऐवजी तेलावर केले तर विगन होतात. गोडाच्या नावाखाली श्रीखंड, रबडी, गुलाबजाम असे तिन्ही दुधाचे ठेवले, तर विगन पाहुण्याने केवळ पाहत बसायचे, एवढे ध्यानात ठेवावे.

वेळेचा प्रश्न माझ्या मते अन्नाइतकाच मोठा आहे. नेपाळचे घड्याळ आपल्या पंधरा मिनिटे पुढे असते, आणि डिसेंबरात काठमांडूत सूर्य पाच-सव्वापाचच्या सुमारास मावळतो. पुण्यात त्या दिवसांत तो सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे आपल्या हाताच्या सवयीने साडेपाचला चौविहाराचे भोजन ठेवले, तर ते तेथे सूर्यास्तानंतर पडेल. दरपत्रकात सायंकाळचे भोजन सातला होते. ते मी दुपारी साडेतीन ते साडेचार असे सुचवले, आणि रात्रीचा समारंभ ज्यांना रात्रिभोजन चालते त्यांच्यासाठी स्वतंत्र. विवाहतिथी अष्टमी वा चतुर्दशीला येत असेल, तर हिरवी भाजी न घेणाऱ्यांसाठी कडधान्याचे दोन पदार्थ वाढवावेत. काठमांडूची उंची सुमारे १,४०० मीटर. तेथे पाणी साधारण ९५ अंशांना उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजण्यास आपल्या अंदाजापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. येथून महाराज नेणार असाल तर त्यांना हे आधी सांगावे, मोठे कुकर मागवून ठेवावेत. पाणी गाळून, तीन उकळ्यांचे करून, झाकलेल्या वेगळ्या भांड्यांत ठेवण्यासाठी एक माणूस केवळ त्याच कामावर नेमावा.

आता माझ्या हातखंड्याचा भाग. दरपत्रकात ताटाचा दर १,६०० रुपये होता. कोणते रुपये? तेथे व्यापारी सर्रास ‘आयसी’ आणि ‘एनसी’ म्हणतात, म्हणजे भारतीय व नेपाळी चलन. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. तेव्हा १,६०० नेपाळी म्हणजे १,००० भारतीय. तीनशे पाहुण्यांत या एका अनुल्लेखाने १,८०,००० भारतीय रुपयांचा फरक पडू शकतो. त्यावर नेपाळचा मूल्यवर्धित कर १३ टक्के, आणि त्याआधी १० टक्के सेवाशुल्क लावले गेले, तर १,६०० चे १,९८८ रुपये ८० पैसे होतात, म्हणजे आपले १,२४३. सर्व करांसह अंतिम दर कोणत्या चलनात, हे लिहून घ्यावे. मोठ्या भारतीय नोटांवर तेथे वेळोवेळी निर्बंध राहिलेले आहेत. जाण्यापूर्वी चालू नियम आपल्या बँकेत विचारावा आणि मोठी रक्कम रोखीने नेऊ नये. अखेरचा हप्ता, निदान पाचवा हिस्सा, पंगती उठेपर्यंत हातात ठेवावा. किमान हमीचा आकडा कमी धरावा. तीनशे निमंत्रितांना अडीचशेची हमी आणि वर दहा टक्क्यांची तयारी, असा माझा ठोकताळा आहे. डाळ-भाताच्या जेवणात नेपाळी पाहुणा भात अधिक घेतो, आपला पाहुणा पोळी. म्हणून सरासरी माणशी ७० ग्रॅम कच्चा तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ पुरावी. मोमो माणशी पाच, योमरी एक. उरलेले अन्न आपल्याकडे दुसऱ्या दिवशी चालत नाही, तेव्हा ते त्याच दिवशी कोठे आणि कोणामार्फत पोहोचवायचे, हे आधी ठरवलेले असावे; जेवण दुपारी असल्याचा हा आणखी एक लाभ.

विवाहापूर्वी चवीची बैठक ठेवावी. तिला तरुणांबरोबर घरातील एक नियमधारी ज्येष्ठ आणि एक विगन व्यक्ती, दोघेही हवेत. त्या कुटुंबाने आजी आणि नात अशी जोडी पाठवली. दोघींनी आचाऱ्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने मसाल्यांचे डबेच त्यांच्यापुढे मांडले. जिम्बुची जुडी त्यांत होती. ती त्यांच्या समक्ष बाजूला काढली गेली आणि यादीत तिचे नाव चढले.

नवे दरपत्रक आता सात पानांचे झाले आहे. एकच बाब अनिर्णित आहे : भक्तपूरचे प्रसिद्ध ‘जुजू धौ’, मातीच्या भांड्यात विरजलेले म्हशीच्या दुधाचे घट्ट गोड दही. वरपक्षाला ते हवेच आहे. नातीला ते चालत नाही, पण तिची हरकत नाही, वेगळे मांडा म्हणाली. आजींचे म्हणणे, ते कधी विरजले हे कळल्याखेरीज त्या घेणार नाहीत आणि कडधान्यांच्या पात्रांजवळ ते ठेवू नये, द्विदलाचा दोष लागतो. तूर्त ते दालनाच्या दुसऱ्या टोकाला, फळांच्या शेजारी ठेवायचे ठरत आहे; विरजण्याचा दिवस भांड्यावर लिहून मिळेल का, हे केटररने अद्याप कळवलेले नाही.